लेकुरवाळे बाबा चित्रपुस्तकांत कुठे भेटतात?

मुलांच्या वाचनाविषयीच्या या सदरात एरवी आम्ही निरनिराळ्या विषयांवरची पत्रे घेतो. या वेळी मात्र आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे वेगवेगळ्या गावांहून येऊनही एकाच प्रश्नाभोवती फिरत होती. चित्रपुस्तकांतला पुरुष मुलांना भरवताना, झोपवताना, आजाऱ्याच्या उशाशी बसताना का दिसत नाही, आणि दिसला तर कुठे दिसतो, असा तो प्रश्न आहे. म्हणून या अंकात ती पाचही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. मला सकाळी सातची बस गाठावी लागत असल्याने आमच्या घरी सकाळचा स्वयंपाक आणि डबे त्याचे बाबा करतात. तरीही परवा बालवाडीत 'माझे घर' या विषयावर बोलताना त्याने ठासून सांगितले, की आई स्वयंपाक करते आणि बाबा ऑफिसला जातात. बाईंनी हे मला हसत हसत सांगितले, पण मला हसू आले नाही. घरी येऊन त्याच्या पुस्तकांचा कप्पा उपसला, तर ३२ पुस्तकांपैकी एकातही शेगडीशी किंवा पाळण्याशी पुरुष नव्हता. डोळ्यांसमोरचे सोडून चित्रातले खरे मानणाऱ्या या मुलाला कोणती पुस्तके द्यावीत? (एक आई, पुणे)

उत्तर : आपण कप्पा उपसून मोजदाद केलीत हे फार चांगले केले, कारण या विषयावरची चर्चा मुळात अशाच एका मोजणीतून सुरू झाली. अमेरिकेत चित्रपुस्तकांसाठी कॅल्डेकॉट पदक दिले जाते. १९७२ साली समाजशास्त्रज्ञ लेनोर वाइट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याआधीच्या पाच वर्षांत हे पदक किंवा त्याच्या उपविजेत्याचा मान मिळवलेली पुस्तके घेऊन त्यांतली चित्रे मोजली, तेव्हा पुरुष आणि मुलगे यांची २६१ चित्रे भरली आणि बाया व मुली यांची अवघी २३. या आकड्यांनी बरीच खळबळ माजली आणि पुढच्या काळात झाडावर चढणाऱ्या, विमान चालवणाऱ्या, राक्षसाला फसवणाऱ्या मुलींची पुस्तके येऊ लागली, हे उत्तमच झाले. पण २००५ साली २०० चित्रपुस्तकांतल्या आईबापांची पाहणी झाली, तेव्हा बाप मुळातच कमी दिसतो आणि दिसला तरी मुलापासून अलिप्त किंवा कुचकामी असतो, असे आढळले. थोडक्यात, मुली पुस्तकांतून घराबाहेर पडल्या, पण पुरुष काही घरात आले नाहीत.

आपल्या मुलाने खोटे सांगितले असे मला वाटत नाही. आपल्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटणारे गृहस्थ त्याच्या लेखी 'आमचे बाबा' आहेत, आणि ३२ पुस्तकांत वर्तमानपत्र घेऊन बसलेले गृहस्थ म्हणजे 'बाबा'. बालवाडीत त्याला घराविषयी विचारले, तेव्हा सगळ्यांच्या घरांना लागू पडेल असे उत्तर द्यायचे आहे, असे त्याने धरले असावे आणि ते उत्तर त्याने पुस्तकांतून उचलले. त्यामुळे घरातल्या उदाहरणाचा उपयोग नाही, असा निष्कर्ष आपण काढू नये. ते उदाहरण एकटे पडले आहे, एवढेच झाले आहे. त्याला सोबत हवी आहे.

आता पुस्तकांकडे वळू. पहिले नाव मी निःशंकपणे घेतो ते 'अ सिक डे फॉर एमॉस मॅगी' या पुस्तकाचे. फिलिप स्टेड यांनी लिहिलेल्या आणि एरिन स्टेड यांनी चित्रे काढलेल्या या पुस्तकाला २०११ सालचे कॅल्डेकॉट पदक मिळाले आहे. एमॉस हा प्राणिसंग्रहालयात काम करणारा म्हातारा, सडपातळ, शिस्तीचा माणूस आहे. रोज बसने कामावर जाऊन तो प्रत्येक प्राण्यासाठी ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वेळ काढतो. हत्तीला बुद्धिबळाची चाल सुचायला फार वेळ लागतो म्हणून तो थांबून राहतो, पेंग्विन लाजाळू आहे म्हणून त्याच्याशेजारी नुसता गप्प बसतो, नाक गळणाऱ्या गेंड्याला रुमाल देतो आणि अंधाराला भिणाऱ्या घुबडाला गोष्ट वाचून दाखवतो. एके दिवशी त्यालाच पडसे होते आणि तो घरी राहतो, तेव्हा हे सगळे बसने त्याच्या घरी येतात. पुरुषही काळजी घेऊ शकतात असे एक अक्षर या पुस्तकात नाही. लाजाळू माणसाशेजारी बोलायचे नसते, बसायचे असते, ही शुश्रूषेतली अवघड गोष्ट एमॉसला ठाऊक आहे, आणि ती मुलांना चित्रातून कळते.

माझ्या मते पारख इथेच आहे. पुस्तकातल्या पुरुषाला ते काम येते का? बाबा स्वयंपाक करतात म्हणजे भिंतीला कणीक लागते, दूध उतू जाते आणि शेवटी आई येऊन सगळे निस्तरते, अशी विनोदी पुस्तके भरपूर आहेत. ती वाचून मुले खळखळून हसतात आणि हे काम बाबांचे नव्हेच, हे पक्के करून घेतात. मो विलेम्स यांचे २००४ सालचे 'कनफल बनी' हे पुस्तक मला अतिशय आवडते, तरी त्याच्याबाबतही हा प्रश्न मनात येतोच. छोट्या ट्रिक्सीला घेऊन बाबा कपडे धुवायला जातात, तिचा कापडी ससा धुलाईयंत्रात राहून जातो, अजून बोलता न येणारी मुलगी जीव तोडून सांगू पाहते आणि बाबांना काही उमगत नाही. घरी आल्यावर दार उघडताक्षणी आई विचारते, ससा कुठे आहे? पुढे बाबा ओल्या कपड्यांच्या ढिगात हात घालून ससा शोधून काढतात, हे खरे आहे, आणि एका बापाने मुलीला घेऊन धुण्याला जाणे हे गोष्टीत अगदी सहज घडते, हेही खरे आहे. पण आईला जे एका नजरेत कळते ते बाबांना रस्ताभर कळत नाही, हा विनोद जुनाच आहे. पुस्तक जरूर वाचावे. वाचून झाल्यावर 'आपल्या बाबांना कळले असते का?' एवढे मुलाला विचारावे. आपल्या घरी या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'हो' असे येईल.

मॉली बँग यांचे १९८३ सालचे 'टेन, नाइन, एट' हे आणखी लहान मुलांसाठी आहे. एक कृष्णवर्णीय बाप लेकीला झोपवतो आहे, दहापासून उलटे मोजत पुस्तक पुढे सरकते आणि शेवटी मुलगी झोपते. एवढेच पुस्तक आहे, आणि एवढेच पुरे आहे. जेन योलेन यांच्या 'आउल मून' मधला बाप हिवाळ्याच्या रात्री लेकीला घुबड पाहायला जंगलात नेतो. तो जवळजवळ बोलतच नाही, तरी त्याचा आधार प्रत्येक पानावर जाणवतो.

मराठीत माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' ही ज्योत्स्ना प्रकाशनाची पुस्तके आपल्या कप्प्यात नसतील तर आधी ती आणावीत. घरातल्या एकेका माणसाकडे लहान मुलीच्या उंचीवरून पाहण्याची त्यांची रीत अशी आहे, की मोठी माणसे पदव्यांनी नव्हे तर सवयींनी ओळखू येतात.

अँथनी ब्राउन यांचे १९८६ सालचे 'पिगीबुक' मात्र दोन-तीन वर्षांनी आणावे. त्यात आई सगळे काम करून करून एक दिवस चिठ्ठी ठेवून निघून जाते आणि नवरा व दोन मुलगे हळूहळू अक्षरशः डुकरे होतात. भिंतीवरच्या कागदावरची फुलेसुद्धा डुकरांची तोंडे होऊन बसतात. शेवटी पुरुष कामाला लागतात आणि आई मोटार दुरुस्त करते. पुस्तक धारदार आहे आणि घरातल्या मोठ्या पुरुषांनी ते वाचावेच. साडेचार वर्षांच्या मुलाच्या हाती मात्र त्यातून लाज येईल, माया येणार नाही.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. नातवासाठी सून जी पुस्तके आणते त्यांत हल्ली बाप पाळणा हलवतो आणि आई कुठेतरी सभेला गेलेली असते. माझा विरोध नाही, परंतु हे सारे परदेशातून आणून आपल्यावर लादले जात आहे असे वाटते. आईची माया निसर्गानेच दिली आहे. आपल्या परंपरेत असा बाप कुठे आहे? शिवाय आजकालचे पुरुष घरात पुष्कळ करतात. मग पुस्तकांतून सांगण्याची गरज काय? (एक आजोबा, मिरज)

उत्तर : आपण तीन प्रश्न विचारले आहेत. परंपरेचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून त्याच्यापासून आरंभ करतो.

'लेकुरवाळी' हे विशेषण आपण बाईलाच लावतो. जिच्या कडेवर एक, पदराला एक आणि पाळण्यात एक असते, ती लेकुरवाळी. जनाबाईंनी हा शब्द उचलून पुल्लिंगी केला आणि तो थेट विठोबाला लावला. तो अभंग आपल्याला पाठ असेल. निवृत्तिनाथ खांद्यावर, सोपानाचा हात धरलेला, पुढे ज्ञानेश्वर, मागे मुक्ताई, मांडीवर गोरोबा, कडेवर बंका, नामदेवाने करंगळी पकडलेली. डोळे मिटून हे दृश्य पाहिले, तर एका चित्रपुस्तकाचे मुखपृष्ठ समोर उभे राहते, आणि त्यात पोरांनी वेढलेला जो आहे तो पुरुष आहे. याच जनाबाईंच्या अभंगांत विठ्ठल त्यांच्यासोबत दळायला बसतो, शेणी वेचू लागतो, त्यांचे केस विंचरतो. ज्ञानेश्वर या पुरुषाला वारकरी सातशे वर्षे 'माउली' म्हणत आले आहेत आणि त्यात कोणाला काही विपरीत वाटलेले नाही. गोरोबांचे नाव मी मुद्दाम घेतले. भजनात भान हरपून पायाखालचे स्वतःचे मूल न दिसलेल्या बापाची कथा ज्यांच्या नावाशी जोडलेली आहे, त्यांनाच जनाबाईंनी देवाच्या मांडीवर बसवले आहे. त्यांनी हे जाणून केले की नाही हे कोणी सांगू शकणार नाही, पण मला ती ओळ दर वेळी थांबवते.

अगदी अलीकडचे पाहायचे तर साने गुरुजी आहेत. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई' च्या पहिल्याच रात्री गोष्ट कशाची आहे? आजारी आईच्या वतीने वडाला प्रदक्षिणा घालायला श्याम लाजतो, लोक हसतील म्हणतो, आणि आई त्याची ती लाज काढून टाकते. बायकांचे म्हणून ठरलेले काम मुलाने भर रस्त्यात करणे, यापासून मराठीतले सर्वांत लाडके बालपुस्तक सुरू होते. त्यातल्या एका प्रकरणाचे नावच 'अर्धनारी नटेश्वर' आहे. शेजारच्या गुजरातेत गिजुभाई बधेका वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात लहान मुलांमध्ये रमले, तेव्हा लोकांनी त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, असे नाव दिले. आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर तिथेच काम करत होत्या, आणि महाराष्ट्रातील बालवाड्यांची एक महत्त्वाची वाट त्या सहवासातून निघाली आहे. तेव्हा हा बाप आयात केलेला आहे, हे मला मान्य करता येत नाही. आपल्या अभंगांत आणि गोष्टींत तो आहे. आपल्या चित्रकारांनी त्याला फारसे काढले नाही, एवढेच.

निसर्गाविषयी बोलायचे, तर विदर्भातल्या कमळांच्या तळ्यांवर कमळपक्षी दिसतो. त्याची मादी अंडी घालते आणि निघून जाते. ती उबवणे आणि पिलांना वाढवणे हे काम नराचे असते, आणि धोका दिसला की तो पिलांना पंखांखाली घेऊन चालू लागतो. कोकणातल्या धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि आठवडेच्या आठवडे नर त्या फटीतून तिला फळे भरवतो. एरिक कार्ल यांचे २००४ सालचे 'मिस्टर सीहॉर्स' हे पुस्तक अशाच नर माशांविषयी आहे. पोटाच्या पिशवीत अंडी सांभाळणारा समुद्रघोडा पोहत जातो आणि वाटेत त्याला तोंडात, डोक्यावर किंवा पोटाखाली अंडी वागवणारे इतर बाप भेटतात. पारदर्शक पानांमागे लपलेले मासे शोधण्यात मुले तासभर गुंततात. अर्थात पक्षी आणि मासे काय करतात यावरून माणसांनी काय करावे हे ठरत नाही. आपण निसर्गाचा दाखला दिलात म्हणून मी तो थोडा पुढे वाचून दाखवला. नातवाला हे पुस्तक आपणच वाचून दाखवावे, अशी माझी विनंती आहे.

राहिला तिसरा मुद्दा. आजकालचे पुरुष घरात पुष्कळ करतात, असे आपल्यासारखेच मलाही वाटत असे. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के आणि पुरुषांपैकी २६.१ टक्के व्यक्तींनी त्या दिवशी घरातले बिनपगारी काम केले होते. काम करणाऱ्यांचा सरासरी वेळ स्त्रियांसाठी २९९ मिनिटे आणि पुरुषांसाठी ९७ मिनिटे होता. मुलांची, आजाऱ्यांची, वृद्धांची काळजी घेण्यात २७.६ टक्के स्त्रिया होत्या आणि १४ टक्के पुरुष. आपल्या ओळखीतले दोन-चार जावई आणि पुतणे पाहून होणारा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवतो. आमच्याकडे महागडी इंग्रजी पुस्तके घेण्याची सोय नाही. शिवाय मुलांच्या घरी पुरुषांनी भांडी घासलेली कोणी पाहिलेली नसतात. अशा वर्गात हा विषय काढावा का, आणि कशाच्या आधारे? (एक शिक्षक, सातारा जिल्हा)

उत्तर : आधार आपल्या कपाटात असण्याचा संभव आहे. २०१९ साली बालभारतीने दुसरीची जी नवी पाठ्यपुस्तके काढली, त्यांतल्या एका चित्रात बाई आणि पुरुष मिळून पालेभाजी निवडत बसलेले आहेत. इतरत्र कपड्यांना इस्त्री करणारा पुरुष आहे, आचारी पुरुष आहे, डॉक्टर आणि वाहतूक पोलीस बाई आहे. त्या वेळी वर्तमानपत्रांतून या चित्रांची बरीच वाहवा झाली आणि थोडी टवाळीही झाली. चित्रपुस्तकांचे अभ्यासक परदेशी पुस्तकांची चर्चा करत बसतात, पण राज्यभरच्या लाखो मुलांच्या दप्तरात गेलेले, भाजी निवडणाऱ्या पुरुषाचे ते एक साधे चित्र मला त्या सगळ्यांहून मोठे वाटते. जुनी प्रत मिळाली तर ते पान वर्गात उघडावे आणि विषय न काढता नुसते विचारावे, की ही भाजी कोणती असेल, आणि निवडताना काय काय काढून टाकतात? मुले मेथी, शेपू, राजगिरा सांगतील, मुळे आणि पिवळी पाने सांगतील, आणि एखादा मुलगा 'आमचे आजोबा पण निवडतात' असे सांगेल. तसे झाले तर आपले काम झाले. न झाले तर पुढच्या आठवड्यात दुसरे पान उघडावे.

पैशांचा प्रश्नही फारसा अडचणीचा नाही. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीतली असंख्य चित्रपुस्तके विनामूल्य वाचता येतात, उतरवून घेता येतात आणि छापताही येतात. आपल्या बोलीत त्यांचा अनुवाद करण्याचीही मुभा आहे. तिथली पुस्तके निवडताना मुखपृष्ठावर बाप आहे की नाही हे पाहू नका. आतल्या चित्रांच्या कोपऱ्यांत कोण काय करतो आहे ते पाहा. आजारी मुलाच्या कपाळावर कोणाचा हात आहे, बाळाला कडेवर कोणी घेतले आहे, शाळेतून आणायला कोण आले आहे. गोष्ट बकरीची किंवा पतंगाची असते आणि ही माणसे मागे कुठेतरी असतात. कमला भसीन यांनी हिंदीत लहान मुलांसाठी जी बडबडगीते लिहिली, त्यांत सुटीच्या दिवशी बाबा चहा करतात आणि आई वर्तमानपत्र वाचते. त्या गाण्यात गाजावाजा असा काही नाही, तो फक्त एक रविवार आहे.

घरी पुरुषांनी भांडी घासलेली कोणी पाहिलेली नाहीत, असे आपण म्हणता. तरीही त्या मुलांच्या गावात एखादा बाप आजारी म्हशीपाशी रात्रभर बसला असेल, तान्ह्या शेरडाला बाटलीने दूध पाजले असेल, म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेले असेल, लेकीला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडत असेल. तिथून सुरुवात करावी. मुलांना तेच चित्र काढायला सांगितले, की वर्गाचे स्वतःचे चित्रपुस्तक तयार होते, आणि त्यातला बाप कोणी शहरातून आणलेला नसतो.

आपण स्वतः पुरुष आहात आणि पहिली-दुसरीला शिकवता, म्हणून माझी एक चूक सांगतो. शनिवारच्या वाचनतासाला मी कित्येक वर्षे मुलांना गोष्टी वाचून दाखवत आलो. आईचे बोलणे मी मऊ आवाजात वाचायचो आणि बाबांचे घोगऱ्या, करड्या आवाजात. पुस्तकात तसे काही लिहिलेले नसे, ते आपोआप व्हायचे. एकदा अगदी प्रेमळ बापाची गोष्ट चालू असताना पुढे बसलेल्या मुलीने विचारले, 'बाबा रागावलेत का?' चित्रातला बाप हसत होता. रागावला होता तो माझ्या आवाजातला. तेव्हापासून वर्गात जाण्यापूर्वी मी बाबांची वाक्ये एकदा मनाशी म्हणून पाहतो.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. सहा वर्षांच्या लेकीला रात्री मी वाचून दाखवतो. पुस्तके इंग्रजी असतात, पण मी वाचता वाचता मराठीत सांगतो. तिच्यासाठी बापलेकीचे एखादे पुस्तक सुचवावे. (एक बाबा)

उत्तर : मॅथ्यू चेरी यांनी लिहिलेले आणि वष्टी हॅरिसन यांच्या चित्रांचे 'हेअर लव्ह' आपल्याला तिथे सहज मिळेल. ते २०१९ साली आले, आणि याच कथेवरच्या लघुपटाला २०२० साली ऑस्कर मिळाले. एका कृष्णवर्णीय मुलीचे दाट, कुरळे केस विंचरायला बाबा बसतात. पहिले प्रयत्न फसतात, पण गोष्ट फसण्यावर थांबत नाही. बाबा शिकतात आणि त्यांना ते जमते, हे इथे महत्त्वाचे आहे. वाचून झाले की जनाबाईंचे केस विंचरणाऱ्या विठोबाची गोष्टही तिला सांगावी. दोन्ही एकाच रात्री सांगितल्या तर अधिक बरे.

आपण वाचता वाचता मराठी करता, म्हणून एक गोष्ट लक्षात आणून देतो. इंग्रजीत आई किंवा बाप 'आय विल पुट यू टु बेड' असे म्हणतो तेव्हा क्रियापदावरून काही कळत नाही. मराठीत मात्र 'झोपवते' किंवा 'झोपवतो' यांपैकी एक निवडावे लागते, आणि घाईत आपल्या तोंडून बहुधा 'झोपवते' निघते. इंग्रजी पुस्तकात जिथे काळजी घेणारा प्राणी नर की मादी हे सांगितलेलेच नसते, तिथे निवड सर्वस्वी आपली असते. अस्वल मराठीत नपुंसकलिंगी आहे, त्यामुळे तिथे तर पूर्ण मोकळीक आहे. सगळीकडे 'तो' करावे असे मी म्हणत नाही. पण आठवड्यातून दोनदा तरी अस्वलाला बाबा होऊ द्यावे. मराठीतला अंगाई हा शब्द उच्चारताना शेवटी 'आई' ऐकू येते, हे खरे आहे, पण म्हणून बाबांनी ती गाऊ नये असे कुठल्याही व्याकरणात सांगितलेले नाही.

प्रश्न : माझा पाच वर्षांचा मुलगा बाहुली मागतो आहे. घरचे म्हणतात, आधी एखाद्या पुस्तकातून त्याची समजूत काढा. असे पुस्तक आहे का? (एक आई, नाशिक)

उत्तर : पुस्तक आहे, पण ते घरच्यांना अपेक्षित आहे तशी समजूत काढणार नाही. शार्लट झोलोटो यांच्या १९७२ सालच्या 'विल्यम्स डॉल' या पुस्तकात विल्यमला बाहुली हवी असते. भाऊ आणि शेजारचा मुलगा त्याला चिडवतात, आणि वडील त्याला आधी बास्केटबॉल, मग आगगाडी आणून देतात. तो बास्केटबॉल उत्तम खेळू लागतो, आगगाडीशीही रमतो, पण बाहुलीची इच्छा काही जात नाही. शेवटी आजी येऊन ती आणून देते आणि वडिलांना समजावते, की हा पुढे बाप होणार आहे, तर त्याला बाळ सांभाळायची सवय आत्तापासून व्हायला हवी. पुस्तक पन्नास वर्षांहून जुने आहे आणि अजून ताजे आहे. माझी एकच कुरकुर आहे. मुलीला बाहुली हवी असली तर तिला कारण सांगावे लागत नाही, इथे मात्र मुलाच्या वतीने आजीला भविष्यातला बाप साक्षीला आणावा लागतो. भारतातल्या इंग्रजी पुस्तकांपैकी ऋचा झा यांचे 'द अनबॉय बॉय' हे चिडवल्या जाणाऱ्या हळव्या मुलाचे आहे, आणि तेही आपल्या मुलाला आवडेल.

घरच्यांना 'विल्यम्स डॉल' वाचायला द्यावे. मुलाला बाहुली आणून द्यावी. ती घेताना हातपाय हलणारी, कपडे काढता-घालता येतील अशी आणि रबराची किंवा प्लॅस्टिकची घ्यावी, कारण पाच वर्षांची मुले बाहुलीला पहिल्याच दिवशी न्हाऊ घालतात आणि कापसाची बाहुली आपल्या पावसाळ्यात चार-चार दिवस वाळत नाही.